जप्त केलेला गूळ

भीमराव पगारे चौकातलं लिंबू उचलून घरी आणायचे.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी बुवापाड्याच्या नाक्यावर कुंकू फासलेलं, टाचण्या टोचलेलं एखादं लिंबू हमखास पडलेलं असायचं. शाळेची पोरं त्याला लांबून वळसा घालायची, रिक्षावाले चाक वाचवायचे. भीमराव अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. सकाळच्या पाळीला निघण्याआधी ते चपला सरकवून नाक्यावर जायचे, लिंबू उचलायचे, टाचण्या उपसून खिशात टाकायचे, कारण टाचण्या घरात लागतातच, आणि लिंबू नळाखाली खसखसून धुऊन बायकोच्या हातात द्यायचे. त्याचं सरबत व्हायचं. मनाली आणि तिचा धाकटा भाऊ अक्षय ते पिऊन शाळेत जायचे. शेजारच्या बायका दिवसभर वाट बघायच्या, पगाऱ्यांच्या पोरांना आता काय होतं म्हणून. काहीच व्हायचं नाही. एकदा अक्षयला जुलाब झाले, तेव्हा भीमराव म्हणाले, "लिंबू सडकं होतं. करणी सडत नसते."

अशा घरातली मुलगी डॉक्टर झाली तर कशी डॉक्टर होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. तसाही पगाऱ्यांच्या दारात ज्योतिषाला चहासुद्धा मिळाला नसता.

मनाली एमबीबीएस झाली तेव्हा नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यावर मनालीचा फोटो लहान आणि निवडणुकीला उभं राहू इच्छिणाऱ्या एका दादांचा फोटो मोठा होता. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले सगळे गुडघे, सगळ्या कंबरा आणि दोन हर्निया दाराशी रांगेत उभे राहिले. महिनाभरात तिला बाँडची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेची, पोस्टिंग मिळाली, उल्हासनगरच्या एका सरकारी दवाखान्यात, मेडिसिनच्या वॉर्डात, आणि गल्लीतल्या गुडघ्यांपासून तिची सुटका झाली.

उल्हासनगरच्या ओपीडीत माणसं नुसता आजार घेऊन येत नाहीत, आजाराचं कारणही सोबत बांधून आणतात. कॅम्पातली सिंधी काकू छातीवर हात ठेवून सांगायची, "डॉक्टर, गॅस चढ गयी है, सीधा माथे में." जीन्स धुण्याच्या कारखान्यातला कामगार म्हणायचा, "अंगात गरम पडलंय." गॅस आणि गरम मनालीला चालायचं. ती हसून घ्यायची, चार प्रश्न जास्त विचारायची. पण एखादी बाई आवाज खाली आणून "बाहेरचं आहे" म्हणाली, की मनालीच्या कपाळावर आठी यायची आणि पेशंट उठून जाईपर्यंत ती तिथून हलायची नाही.

तिला तसं कारणही मिळालं होतं. पहिल्याच महिन्यात बारा वर्षांची एक मुलगी आली, डोळे पिवळेजर्द. आईबापांनी आठ दिवस तिच्या गळ्यात कावीळ उतरवायची माळ घालून वाट बघितली होती. मनालीने ती माळ कात्रीने कापली, आईबापांना तिथेच उभं करून झाडलं आणि मुलीला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मुलगी वाचली. असं आणखी दोनदा झालं. दोन-तीनदा बरोबर ठरलेला राग माणसाला फार लवकर स्वतःची हुशारी वाटायला लागतो. मनालीचंही तेच झालं.

तिच्यासोबत त्याच वॉर्डात, तिच्यासारखाच बाँडवर आलेला डॉक्टर विनीत पष्टे होता. बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातला. आजोबांची भातशेती होती, तिथे आता बिल्डिंगी होत्या. विनीतची आई आठवड्यातले इतके उपास करायची की तिला जेवायला वार शोधावा लागे. विनीतच्या मनगटात लाल दोरा, पाकिटात अंगाऱ्याची पुडी. पेशंटशी मात्र तो छान बोलायचा. खाटेच्या कडेला बसून तो कोणाचं भात किती झालं हेसुद्धा विचारायचा. त्याची गोची एकच. घरी ज्या गोष्टीला हात जोडायची सवय होती, त्या गोष्टीला तो वॉर्डातही फक्त हातच जोडायचा.

"तुझा दोरा कुठल्या कंपनीचा?" मनाली त्याला विचारायची. "ड्रग ट्रायल झालीय का त्याची?"

"तुझ्या पप्पांनी प्यायलं ना सगळं सरबत," विनीत म्हणायचा. "त्याचा साईड इफेक्ट तू आहेस."

या दोघांच्या वर डॉ. जयदेव मोटवानी. अठ्ठावन्न वर्षांचे, पोट पुढे, चष्मा कपाळावर, एका वाक्यात तीन भाषा. ते राउंडला आले की आधी त्यांच्या सँडलचा आवाज यायचा आणि मग वॉर्ड शहाण्यासारखा वागायला लागायचा.

एका बुधवारी सकाळी राजाबाई आल्या. बदलापूरच्या पलीकडच्या एका गावातल्या, बावन्न वर्षांच्या, कपाळाला खोक, डावं मनगट सुजलेलं. सोबत नवरा सदू आणि सून किर्ती. खोक शिवून झाली, मनगटाला प्लॅस्टर झालं, डोक्याचा फोटोही काढला, त्यात काही नव्हतं. पण पडल्यावर बराच वेळ शुद्ध नव्हती म्हणून त्यांना देखरेखीसाठी मेडिसिनच्या वॉर्डात ठेवलं. मनाली केसपेपर घेऊन खाटेशी उभी राहिली.

"मावशी, पडलात कशा?"

उत्तर सदूने दिलं, आणि चांगलं मान ताठ करून दिलं. "वारं आलतं."

"कसलं वारं?"

"देवीचं."

पेन थांबलं. आठी आली.

सदूला ती दिसली नाही. तो सांगत सुटला. दोन वर्षं झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, दिवेलागणीला. आधी जांभया देते, मग घाम सुटतो, अंग लटलट कापतं, केस सोडते, कोणाला ओळखत नाही, वेगळ्याच आवाजात बोलते. गावातल्या बायका ओटी घेऊन येतात, प्रश्न विचारतात. मग गूळखोबरं भरवलं की पाच-दहा मिनिटांत शांत होते. नंतर विचारलं तर काही आठवत नाही. काल मंगळवार. काल गूळ द्यायला जरा उशीर झाला, तेवढ्यात उंबऱ्यावर आपटली.

सदू चौथी नापास होता, पण त्याने त्या सकाळी जी हिस्टरी दिली ती परीक्षेत एखाद्या पोराने दिली असती तर मोटवानी सरांनी त्याला उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. वार होते, वेळ होती, घाम होता, गूळ होता. मनालीने त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. 'देवी' हा शब्द कानात गेल्यावर तिला पुढचं सगळं कीर्तन वाटलं.

"शुगर, बीपी काही आहे?"

"नाय," राजाबाई म्हणाल्या. "साखर मी खातच नाय."

"गोळ्या कुठल्या चालू?"

"पायाची आग होते. त्याची एक हाय, सकाळची."

"पेनकिलर," मनालीने लिहिलं. रक्ताचे रिपोर्ट आले, त्यात साखर एकशे अठ्ठेचाळीस होती. मार लागला की वाढते थोडी, असं म्हणून तिने त्यावर टिकमार्क केली.

विनीतने मात्र सदूकडून सगळं ऐकून घेतलं होतं. कोणती देवी, कुठलं ठाणं, ओटीत काय घालतात. जाताना तो हळूच राजाबाईंच्या पाया पडला. हेही त्याने केसपेपरवर लिहिलं नाही, हे बरंच झालं.

शुक्रवारी राजाबाईंनी दवाखान्याचं जेवण परत पाठवलं. उपास होता. सिस्टर सोनिया म्हणाल्या, "निदान दूध घ्या." त्या नाही म्हणाल्या. सकाळी कनवटीच्या गाठीतली गोळी तेवढी त्यांनी पाण्याबरोबर घेतली. ती घेताना कोणी बघितलं नाही.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला राजाबाईंनी जांभई दिली. मग आणखी एक. मग त्यांनी अंबाडा सोडला.

बायकांच्या वॉर्डात सलाइनपेक्षा बातमी लवकर चढते. दोन मिनिटांत सात नंबरची, नऊ नंबरची आणि शेजारच्या वॉर्डातली एक अशा तिघी खाटेभोवती जमल्या. राजाबाई घुमत होत्या. घाम मानेवरून ओघळत होता, प्लॅस्टरचा हात खाटेच्या दांडीवर आपटत होता. सात नंबरच्या बाईने सलाइनची बाटली उंच धरून दुसरा हात जोडला आणि विचारलं, "आई, माझ्या सोनूचं कधी जमंल?"

विनीत खाटेच्या पायथ्याशी उभा होता. हात जोडलेले, आणि त्या जोडलेल्या हातांच्या मधे स्टेथोस्कोप.

मनाली आत आली ती हे बघून जागीच पेटली.

"विनीत, काय चाललंय? हा वॉर्ड आहे का जत्रा?"

"थांब ना जरा," तो पुटपुटला. "आपोआप शांत होतं. बोलू नकोस मधे."

मनालीने बायकांना हाकललं आणि राजाबाईंच्या समोर उभी राहिली. "मावशी, पुरे झालं. इथे देवीबिवी चालत नाही."

राजाबाईंनी तिच्याकडे बघितलं, पण नजर तिच्या आरपार गेली. "कोण गं तू?" आवाज घोगरा होता.

"मी डॉक्टर."

"कोनाची?"

नऊ नंबरची फिसकन हसली. मनालीचे कान लाल झाले. तेवढ्यात सदू पिशवीत हात घालून कागदाची पुडी काढत पुढे आला. "बाई, सरा जरा. गूळ देतो. गुळानं जाते ती."

"वॉर्डात प्रसाद चालणार नाही."

"अवो, पर गुळानंच..."

"द्या इकडे," मनाली म्हणाली, आणि तिने त्याच्या हातातली पुडी काढून घेऊन एप्रनच्या खिशात टाकली. मग टेबलावर जाऊन केसपेपरवर लिहिलं, मानसिक कारणाची शक्यता, मानसोपचार विभागाला दाखवावे. अक्षर एकदम सुवाच्य आलं होतं. रागात तिचं अक्षर चांगलं येतं.

ती शेवटचं टिंब देत होती तेव्हा किर्ती ओरडली.

राजाबाईंचं अंग ताठ झालं होतं, मग झटके सुरू झाले. तोंडातून फेस आला. विनीतचे जोडलेले हात एकदम सुटले. त्याने त्यांना कुशीवर वळवलं, सोनिया सिस्टरनी ऑक्सिजन ओढला, मनाली धावत आली आणि झटक्यांचं इंजेक्शन मागायला लागली. त्या गडबडीत बाहेर सँडलचा आवाज आला.

मोटवानी सरांनी दारातून खाटेकडे एक नजर टाकली. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"शुगर कितनी है?"

मनालीने विनीतकडे बघितलं, विनीतने मनालीकडे.

"अरे, मैं मराठीत विचारू? शुगर किती आहे?"

सोनिया सिस्टरनी तोवर बोटाला सुई टोचली होती. मशीनने पाच सेकंद घेतले. मनालीने तिच्या आयुष्यात इतके लांब पाच सेकंद बघितले नव्हते. आकडा आला, एकतीस.

ग्लुकोजच्या मोठ्या सिरिंजा शिरेतून गेल्या. दुसरी अर्धी होईतो झटके थांबले. थोड्या वेळाने राजाबाईंनी डोळे उघडले, केस मागे सारले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भूक लागली."

सात नंबरची बाई लांबूनच म्हणाली, "गेली देवी." आणि मग जरा हिरमुसून, "माझं उत्तर राहिलं."

डॉ. मोटवानींनी दोघांना स्टाफ रूममध्ये नेलं. दार लावलं. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी टेबलावरची खाकऱ्याची बरणी उघडली.

"तुम दोनों में से इसने हात जोडे," विनीतकडे बोट. "और तूने हात झटके. उंगली किसी ने पकडी नहीं. एक सुई, बस. नर्सिंगची पहिल्या वर्षाची मुलगी पण करते."

"सर, मला वाटलं..."

"तुला वाटलं नाटक आहे. क्यों की तेरे घर में वो नाटक है. इसके घर में वो देवी है. पेशंट के घर में क्या है, वो किसी ने देखा? पेशंट के खून में क्या है, वो किसी ने देखा?" त्यांनी खाकऱ्याचा तुकडा मोडला. "मेरे खुद के मामा. हमारे यहां हर शादी में हर मामा को हार्ट अटॅक आता है, मिठाई के टेबल के बाजू में. आदत थी मुझे. एक दिन सच में आया. मैंने सोडा पिलाया."

"मग?" विनीतने विचारलं.

"मग काय. तेरहवीं का खाना अच्छा था."

ते हसले नाहीत, म्हणून हे दोघेही हसले नाहीत. "गोली ढूंढो," ते उठता उठता म्हणाले. "एकतीस अपने आप नहीं होता."

गोळी किर्तीने आणून दाखवली, कनवटीच्या गाठीतली. शुगरची होती, आणि चांगली जोरदार. दोन वर्षांपूर्वी गावातल्या डॉक्टरांनी पायाची आग शुगरने होते म्हणून दिली होती. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, राजाबाईंच्या लक्षात एवढंच राहिलं की ही पायाची गोळी. एरवी त्या सकाळी भाकरी खायच्या आणि मग गोळी घ्यायच्या. मंगळवार-शुक्रवारी भाकरी नसायची, गोळी असायची. औषध उपासाला चालतं. दिवसभर साखर उतरत जायची आणि दिवेलागणीला देवी यायची. विनीतने हे सगळं किर्तीकडून काढून घेतलं. वार जुळवल्यावर तो मनालीकडे वळला.

"माझी आई पण उपासाला गोळ्या घेते," तो म्हणाला. आणि बाहेर जाऊन त्याने घरी फोन लावला.

मनाली शनिवारी घरी गेली. भीमराव आता रिटायर झालेले, ओट्यावर पंख्याची मोटर उघडून बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. देवी म्हणजे शुगरची गोळी निघाली, हे ऐकल्यावर ते खूश होतील, गल्लीभर सांगत सुटतील, असा तिचा अंदाज होता. खिशातली गुळाची पुडी ती सांगणार नव्हती, पण सांगताना सांगून गेली.

भीमराव मोटर पुसता पुसता थांबले. "गूळ देऊन बरं वाटतं, असं तो माणूस बोलला?"

"हो."

"आणि तू तो काढून घेतलास?"

"पप्पा, तो प्रसाद म्हणून देत होता."

"म्हणू दे ना त्याला काय म्हणायचं ते. तू बघायचं होतं, गुळानं का बरं वाटतं." त्यांनी तिच्याकडे मोटर सरकवली. "ही बघ. शेजारची म्हणते पंख्याला नजर लागली. मी काय म्हणतो, नजर नसते. पण पंखा बंद आहे, हे तर खरं आहे ना? मी उघडून बघितलाच ना? कॉइल जळलीय."

मनालीने मोटर उचलून आत बघितलं.

"चौकातलं लिंबू मी रागानं नाही आणलं कधी," भीमराव म्हणाले. "धुऊन, कापून, पिऊन बघितलं. मगच बोललो."

त्या रात्री ती जेवली नीट, झोपलीही. पण एवढं तिच्या ध्यानात आलं की पप्पांची आठी तिने हुबेहूब उचलली होती, पप्पांचे हात उचलायचे राहिले होते.

सोमवारी राजाबाईंना घरी सोडायचं होतं. गोळी बंद केली, दुसरी सौम्य लिहून दिली. विनीतचं म्हणणं होतं की त्यांना सांगावं, देवीला तुमचे उपास नको झालेत, देवीची इच्छा आहे तुम्ही जेवावं. "ऐकतील," तो म्हणाला. "माझी आई ऐकेल असं सांगितलं तर."

"मी खोटं बोलणार नाही."

"मग खरं सांग. पण न विचारता 'पेनकिलर' लिहिलंस, तसं नको."

तो टोमणा बरोबर बसला. मनालीने सदू आणि किर्तीला फाइल आणायला पाठवलं आणि स्टूल ओढून खाटेशी बसली. आधी गूळ काढून घेतल्याबद्दल माफी मागितली. मग सगळं सांगितलं, पायाची गोळी, साखर, उपास, झटके. बोटं मोडून, मंगळवार-शुक्रवार धरून. राजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तिचं संपल्यावर म्हणाल्या, "म्हंजे आता वारं येनार नाय?"

"नाही येणार. बरं वाटेल तुम्हाला."

राजाबाईंनी सदू आलेला नाही ना, ते दाराकडे बघून घेतलं. मग हळू आवाजात बोलल्या, "बाई, मना ठावं नाय देवी कशी येते. मी तवा तिथं नसतेच. पन नंतर बाया सांगतात, देवी काय बोलली ते. मागच्या वर्षी देवी बोलली, घरात संडास बांधा. तीस वर्षं मी बोलत व्हते, कोनी ऐकलं नाय. देवी बोलली, पंधरा दिवसांत बांधला."

"आणखी काय बोलली देवी?" मनालीने विचारलं.

"यंदा देवी बोलली किर्तीला नर्सिंगला घाला. घातली. ह्यांनी तंबाखू सोडली. गावातला तो दलाल रानाचा कागद घेऊन आलता, देवी त्याच्या अंगावर थुंकली." त्या जरा हसल्या, आणि लगेच हसू गेलं. "आता तुमी तिला गोळी बंद करून घालवली. मी बोलले तं कोन ऐकंल?"

देवी म्हणजे खोटं, एवढं मनालीला लहानपणापासून पाठ होतं. खोट्या देवीने खरा संडास बांधला तर काय, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"मावशी," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा तुम्हाला काही आठवत नाही, हे खरं. पण संडास पाहिजे, किर्तीने शिकावं, रान विकू नये, हे आधीपासून कोणाला वाटत होतं?"

राजाबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"हे तुम्ही त्यांना सांगणार?" त्यांनी विचारलं. "गोळीचं?"

"किर्तीला सांगावं लागेल. ती गोळ्या बघेल तुमच्या. बाकी कोणाला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा. तुमचा आजार आहे. मी एवढंच म्हणते, उपाशी राहायचं नाही. अजिबात नाही. तेवढं वचन द्या."

राजाबाईंनी वचन दिलं. सदूने जाताना मनालीच्या हातावर गूळ ठेवला, आणि तिने त्यातला अर्धा तिथेच तोंडात टाकला. उरलेला नको नको म्हणताना विनीतला दिला.

तीन आठवड्यांनी सोमवारच्या ओपीडीत राजाबाई आल्या. मनगटाचं प्लॅस्टर अजून होतं, कपाळाची खोक भरलेली, अंबाडा घट्ट. मनालीने आधी बोटाला सुई टोचली. हल्ली ती टेबलाशी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला टोचत होती, सोनिया सिस्टर तिला 'डॉक्टर डास' म्हणायला लागल्या होत्या. एकशे बेचाळीस. झकास.

"चक्कर? घाम?"

"नाय."

"उपास?"

"सोडले. देवीनंच सोडवले."

विनीतने शेजारच्या टेबलावरून मान वर केली. मनालीने पेन खाली ठेवलं. "मावशी, वारं येतं का अजून?"

"येतं की," राजाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "मंगळवारी. पन आता जेवून येतं."

विनीतला ठसका लागला. किर्ती सासूच्या मागे उभी होती, तिने पदराने तोंड झाकलं, खांदे मात्र हलत होते.

"आणि आठवतं का आता, देवी काय बोलली ते?"

"आता आठवतं."

मनालीला रागवायचं होतं. वीस-बावीस वर्षांचं सरबत तिच्या आत उसळ्या मारत होतं. पण समोरच्या बाईची साखर एकशे बेचाळीस होती, आणि ती खुर्चीत अशी बसली होती, जशी घरात तिला तीस वर्षांत कोणी बसू दिलं नव्हतं. मनालीला हसू आलं आणि तिने ते येऊ दिलं. हे मात्र ती भीमरावांना सांगणार नव्हती.

"या मंगळवारी काय बोलली देवी?"

"बोलली, ह्यांना दवाखान्यात ने. पाच वर्षं डोकं धरून बसतात, जात नायत." राजाबाईंनी दाराकडे बोट केलं. "बाहेर हायत. लाजतात."

सदूला आत आणलं. तो देवीच्या आज्ञेने आलेल्या माणसासारखा, म्हणजे नाइलाजाने, स्टुलावर बसला. मनालीने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, पारा उतरताना बघितला. परत एकदा बघितला. एकशे ऐंशीवर एकशे दहा.

"किती हाय?" सदूने विचारलं.

"जास्त आहे. बरंच जास्त. गोळी चालू करू या."

"कशानं वाढलं पन?"

मनालीच्या तोंडाशी मीठ, वय, ताण, सगळं तयार होतं. बाहेर रांग दारापर्यंत आली होती. विनीत तिच्याकडे बघत होता.

"तुम्हाला काय वाटतं, कशानं?" तिने विचारलं.

सदूने बायकोकडे बघितलं, मग मनालीकडे. चेष्टा चाललीय का ते त्याने ताडून बघितलं. मग स्टूल पुढे ओढून नीट बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगायला लागला.